हौशी मुखपत्र आणि त्याचे टीकाकार : लव्हक्राफ्ट व ‘युनायटेड अमॅच्युअर’चा वाद

१

जत्रेला जाणाऱ्या लोकांचे हौशे, नवशे आणि गवशे असे तीन वर्ग मराठी बोलीने फार पूर्वीपासून केलेले आहेत. हौशा येतो तो निव्वळ आनंदासाठी. नवशाला काही साध्य करून घ्यावयाचे असते. आणि गवशा गर्दीत काय हाती लागते ते पाहत हिंडतो. हौसेखातर स्थापन झालेल्या कोणत्याही मंडळाच्या सभासदांकडे पाहिले, तर हे तिन्ही वर्ग तेथेही आढळतात. मंडळ छायाचित्रणाचे असो, नाट्याचे असो वा लेखनाचे असो. त्याची पहिली सभा हौशे भरवतात, नवशे त्याला प्रतिष्ठा मिळवून देतात आणि गवशे त्याच्या निवडणुका लढवतात. एरवी झाकलेला हा भेद मंडळाचे मुखपत्र निघू लागले म्हणजे उघडा पडतो.

सर्वसाधारण नियतकालिकाच्या वाचकाला एक साधे स्वातंत्र्य असते. अंक आवडला नाही, तर पुढचा अंक तो घेत नाही. मंडळाच्या पत्रिकेचा वाचक ह्या अर्थाने स्वतंत्र नसतो. त्याच्या वर्गणीतून ती निघते, म्हणून तो तिचा मालक. तिच्यात लिहिण्याचा त्याला हक्क, म्हणून तो तिचा लेखक. आणि ती त्याच्या घरी येऊन पडते, म्हणून तो तिचा वाचक. एकाच माणसाच्या ठायी ह्या तीन भूमिका एकवटलेल्या असल्यामुळे अशा पत्रिकेविषयी होणारा वाद केवळ अभिरुचीचा राहत नाही. सामाईक घराच्या माजघरात कोणी बसावे आणि ओसरीवर कोणी, ह्या वादाचे रूप त्याला येते. संपादकाने लेख नाकारला, तर मालकाला दाराबाहेर ठेवल्याची भावना होते. टीकाकाराने कवितेतील वृत्तदोष दाखविला, तर वर्गणी भरून अपमान विकत घेतल्यासारखे वाटते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील हौशी पत्रकारितेच्या चळवळीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे भयकथाकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) ह्याचे वाङ्मयीन जीवन ह्याच चळवळीत घडले. तिच्यात तो आधी टीकाकार होता, मग मुखपत्राचा संपादक झाला आणि शेवटी स्वतःच टीकेचा विषय ठरला. त्याच्या कथांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एका हौशी मंडळाच्या मुखपत्राचा कारभारी ह्या नात्याने त्याने जे केले आणि जे भोगले, त्यातून निघणारा धडा त्याच्या कथांहून अधिक व्यापक आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८६७च्या सुमारास, अमेरिकेत लहान आकाराची स्वस्त हातयंत्रे विक्रीस आली. दुकानदारांनी आपली पत्रके घरच्या घरी छापावीत, हा ती बनविणाऱ्यांचा एक हेतू होता. परंतु ह्या यंत्रांचा ताबा मुलांनी घेतला. खिळे जुळवून चार-आठ पानांचे चिमुकले पत्र काढावे, त्यात स्वतःच्या कथा, कविता, कोडी आणि संपादकीय छापावे व ते परगावच्या मुलाला पाठवून त्याचे पत्र बदल्यात घ्यावे, असा प्रघात पडला. आपल्याकडील शाळांतून आणि वसतिगृहांतून निघणारी हस्तलिखित मासिके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ह्या उद्योगातील आनंदाची कल्पना सहज येईल. भेद एवढाच, की हस्तलिखिताची प्रत एकच असते आणि ती वाचकांच्या हातून फिरते. ह्या पत्रांच्या प्रती मात्र टपालाने शेकडो मैल जात.

४ जुलै १८७६ रोजी, अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन फिलाडेल्फियात चालू असताना, अशा तरुण मुद्रकांनी तेथे एकत्र येऊन ‘नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ स्थापन केली. १८९५ मध्ये विल्यम ग्रीनफिल्ड ह्या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या पुढाकाराने ‘युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ ही दुसरी संस्था निघाली. दोन्हींची रचना पाहिली म्हणजे मुलांच्या खेळात प्रौढांच्या राज्ययंत्राची किती बारकाईने नक्कल केलेली होती, हे ध्यानात येते. घटना, अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, वार्षिक अधिवेशन आणि निवडणूक, हे सर्व तेथे होते. प्रत्येक सभासद आपापले पत्र स्वतंत्रपणे काढू शकत असे. त्याखेरीज संस्थेचे म्हणून एक मुखपत्र असे आणि त्यासाठी मुखपत्र-संपादक निवडला जाई. ‘नॅशनल’चे मुखपत्र ‘नॅशनल अमॅच्युअर’, तर ‘युनायटेड’चे ‘युनायटेड अमॅच्युअर’.

ह्या मुखपत्रातून सभासदांची यादी, पदाधिकाऱ्यांचे अहवाल, निवडणुकीचे निकाल आणि संस्थेच्या बातम्या येत. ह्यांबरोबर ‘युनायटेड’ने आणखी एक सदर चालविले होते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला सर्वांत लक्षणीय वाटावे असे ते सदर म्हणजे सार्वजनिक टीका विभागाचा अहवाल. सभासदांनी काढलेल्या पत्रांचे अंक ह्या विभागाकडे येत. विभागाचा प्रमुख ते क्रमाने वाची आणि त्यांतील लेखन-कवितांवर लेखकाच्या नावासह अभिप्राय देई. हा अभिप्राय मुखपत्रात छापला जाई आणि सगळे सभासद तो वाचीत. टीका हे संस्थेने नेमून दिलेले पद असावे आणि टीकाविषय होणाऱ्यांच्याच वर्गणीतून ते चालावे, ही व्यवस्था विलक्षण म्हटली पाहिजे. व्यावसायिक टीकाकार लेखकाशी अपरिचित राहू शकतो. येथे मात्र टीकाकार, लेखक आणि मतदार एकाच यादीत होते.

हौशांच्या ह्या जगात गवशेही कमी नव्हते. १९१२च्या अधिवेशनातील निवडणुकीवरून ‘युनायटेड’ची दोन शकले झाली आणि दोन्ही गट तेच नाव लावू लागले. ज्या गटाकडे पुढे वाङ्मयीन वर्चस्व आले, त्यातच दोन वर्षांनी लव्हक्राफ्टचा प्रवेश झाला.

३

लव्हक्राफ्ट ह्या चळवळीत आला तोही वाचकांच्या भांडणातून. प्रकृतीच्या कारणाने त्याचे शालेय शिक्षण १९०८ मध्ये अर्धवट सुटले होते. विद्यापीठाची आशा संपली होती आणि प्रॉव्हिडन्स गावी आईसोबत तो जवळजवळ अज्ञातवासात राहत होता. ‘आर्गोसी’ ह्या लोकप्रिय कथामासिकात फ्रेड जॅक्सन नावाच्या लेखकाच्या प्रेमकथा प्रसिद्ध होत असत. १९१३ मध्ये लव्हक्राफ्टने त्यांच्यावर कठोर टीका करणारे पत्र मासिकाला लिहिले. जॅक्सनचे चाहते खवळले आणि पत्रव्यवहाराच्या सदरात गद्यपद्यमय युद्ध पेटले. ‘युनायटेड’चा एडवर्ड डास हा कार्यकर्ता हे युद्ध कौतुकाने वाचत होता. त्याने लव्हक्राफ्टला निमंत्रण दिले आणि एप्रिल १९१४ मध्ये तो सभासद झाला. त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वी सार्वजनिक टीका विभागाचे प्रमुखपद त्याच्याकडे आले आणि पुढील चार-पाच वर्षांतील बराच काळ ते त्याच्याकडे राहिले.

टीकाकार म्हणून त्याचे दोन चेहरे दिसतात. पहिला चेहरा गुरुजींचा. एखाद्या शाळकरी मुलाची अडखळती कविता त्याच्यापुढे आली, तर तो तिला झिडकारीत नसे. कोणत्या ओळीत मात्रा कमी पडली, कोणता शब्द अनवधानाने चुकीच्या अर्थी आला, हे तो सबुरीने सांगे आणि पुढे लिहीत राहण्यास उत्तेजन देई. संस्थेच्या हेतूविषयी त्याने जे लेखन केले, त्यातही हीच भूमिका आहे. विद्यापीठाची पायरी न चढलेला, आडगावी राहणारा, आजाराने अंथरुणाला खिळलेला, अगदी कोवळा किंवा अगदी वृद्ध अशा ज्या माणसापर्यंत वाङ्मयाची इतर साधने पोहोचत नाहीत, त्याच्यासाठी ही संस्था आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. हे वर्णन बऱ्याच अंशी त्याचे स्वतःचेच होते, हे सांगावयास नको. १९२१ मध्ये ह्या चळवळीचे आपल्यावरील ऋण त्याने एका स्वतंत्र लेखात मोकळेपणाने मान्य केले.

दुसरा चेहरा शास्त्र्याचा. पोप आणि ड्रायडन ह्यांचे अठराव्या शतकाच्या वळणाचे काव्य हा त्याचा आदर्श. वृत्ताची शिस्त हा त्याच्या लेखी जवळजवळ नीतीचा प्रश्न होता. मुक्तछंद, सोपी वर्णपद्धती आणि बोलभाषेचे लाड ह्यांचा त्याला तिटकारा होता. १९१५च्या एप्रिलमध्ये त्याने ‘कन्झर्व्हेटिव्ह’ हे स्वतःचे पत्र काढले. त्याच्या नावातच त्याची भूमिका प्रकट होते. मुखपत्रातील सदरात जे तो नवोदितांना हळुवारपणे सांगे, तेच स्वतःच्या पत्रात सिद्धांत म्हणून ठासून मांडी.

सभासदांच्या पत्रिकेतील टीकाकाराची मुख्य अडचण येथे दिसते. गुरुजी म्हणून तो प्रत्येक सभासदाच्या बाजूचा असतो. शास्त्री म्हणून तो एका विशिष्ट अभिरुचीचा प्रतिनिधी असतो. संस्था त्याला नेमते ती पहिल्या कामासाठी. परंतु ज्याची स्वतःची अशी अभिरुची नाही, त्याला पहिले काम तरी कसे करता येणार? अभिरुचीशिवाय दिलेले उत्तेजन ही पाठीवरची थाप ठरते, आणि केवळ अभिरुचीतून दिलेला निर्णय हा हुकूम ठरतो. ह्या दोहोंच्या मधली वाट लव्हक्राफ्टला काही काळ सापडली होती. पुढे मात्र ती सुटली.

४

टीकाकारावर टीका होण्यास फार वेळ लागला नाही. ब्रुकलिनचा कवी राइनहार्ट क्लायनर ह्याने लव्हक्राफ्टच्या कवितेतील सैल यमकांकडे बोट दाखविले. दुसऱ्यांच्या मात्रा मोजणाऱ्याच्या स्वतःच्या यमकांत ध्वनी पुरता जुळत नाही, हा आक्षेप मार्मिक होता. ऑक्टोबर १९१५ मध्ये लव्हक्राफ्टने त्याला एका लेखाने उत्तर दिले. जुन्या इंग्रज कवींनी अशी यमके ग्राह्य मानली होती, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा. उत्तर पटो वा न पटो, वादाची पातळी वाङ्मयीन राहिली आणि दोघांची मैत्री अधिकच दृढ झाली. टीका विभागाची कल्पना ज्यांनी प्रथम मांडली, त्यांना हेच अपेक्षित असावे.

त्याच वर्षीचा दुसरा वाद मात्र वेगळ्या जातीचा होता. चार्ल्स आयझॅकसन ह्या ज्यू तरुणाने आपल्या छोट्या पत्रातून लव्हक्राफ्टच्या ‘कन्झर्व्हेटिव्ह’चा समाचार घेतला, वॉल्ट व्हिटमनच्या काव्याचा गौरव केला आणि वंशद्वेषाचा निषेध केला. लव्हक्राफ्टने दिलेल्या उत्तरात व्हिटमनची कुचेष्टा होती. तेवढीच असती, तर तिला अभिरुचीचा मतभेद म्हणता आले असते. परंतु त्या उत्तरात ज्यूंविषयी आणि कृष्णवर्णीयांविषयी असे लिहिले होते, की जे तेव्हाही निंद्य होते आणि आजही आहे. काव्यातील जुन्या शिस्तीचा आग्रह आणि समाजातील जुन्या उतरंडीचा आग्रह ह्यांची गल्लत त्याच्या मनात झाली होती. ती गल्लत एका हौशी पत्राच्या पानावर उघडी झाली, एवढेच.

आयझॅकसनच्या मदतीला जेम्स मॉर्टन आला. तो हार्वर्डचा पदवीधर होता, भाषणस्वातंत्र्याचा कैवारी होता आणि वंशद्वेषाच्या शापाविषयी त्याने पूर्वीच एक पुस्तिका लिहिलेली होती. त्याने लव्हक्राफ्टच्या मताचा जो समाचार घेतला, त्यात वयाने आणि अनुभवाने वडील असलेल्या माणसाचा अधिकार होता. लव्हक्राफ्टने ह्या दोघांवर एक उपहासकाव्य रचले. पण ते त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पुढील दशकात हाच मॉर्टन त्याच्या अत्यंत निकटच्या मित्रांपैकी एक झाला. मॉर्टनने आपली मते सोडली नाहीत. लव्हक्राफ्टचे वांशिक पूर्वग्रहही पुढे पुरते गेले नाहीत. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. विद्यापीठाबाहेर, घराबाहेरही फारसे न पडलेल्या त्या तरुणाला त्याच्या तोंडावर ‘हे चूक आहे’ असे सांगणारा माणूस ह्या हौशी जगातच भेटला. त्याचे स्वतःचे पत्र होते म्हणून तो बोलू शकला, आणि दुसऱ्याचेही पत्र होते म्हणून त्याला उत्तर मिळाले.

ह्या दोन वादांत एक साम्य आहे, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. दोन्ही वाद सभासदांच्या खासगी पत्रांतून झाले. ‘कन्झर्व्हेटिव्ह’ कोणाला आवडले नाही, तर त्याने दुसरे पत्र काढावे. संस्थेचे घर त्यामुळे डळमळत नव्हते. मुखपत्राची गोष्ट निराळी होती. ते एकच होते.

५

लव्हक्राफ्ट १९१७–१८ मध्ये ‘युनायटेड’चा अध्यक्ष झाला आणि १९२० मध्ये मुखपत्र-संपादक. दोन वर्षे ‘युनायटेड अमॅच्युअर’ त्याच्या हाती राहिले. ह्या काळातील अंकांत वाङ्मयाचे पारडे जड आहे. नोव्हेंबर १९२०च्या अंकात त्याची ‘न्यार्लाथोटेप’ ही स्वप्नसदृश गद्यरचना आली. मार्च १९२१ मध्ये, नुकतीच विशी गाठू पाहणाऱ्या फ्रँक बेल्कनॅप लाँग ह्या न्यूयॉर्कच्या तरुणाची भयकथा आली. हा लाँग पुढे व्यावसायिक लेखक झाला. संपादकाच्या दृष्टीने हे मुखपत्राचे सार्थक होते. हौशी वाङ्मय हे हिणकस वाङ्मय नसते आणि पैशासाठी न लिहिणाऱ्याने कसाला अधिकच उतरले पाहिजे, अशी त्याची धारणा होती.

परंतु हेच अंक ओहायो राज्यातील कोलंबस येथील सभासदांनी वेगळ्या नजरेने वाचले. ह्या गटाचा ‘वुडबी’ नावाचा स्वतःचा क्लब होता आणि त्याच नावाचे पत्र होते. १९२२च्या आरंभी त्या पत्रातून लिओ फ्रिटर ह्याने मुखपत्राच्या धोरणावर उघड हल्ला चढविला. फ्रिटर हा कोणी उपरा नव्हता. १९१५ मध्ये तो ‘युनायटेड’चा अध्यक्ष झाला होता आणि त्या वेळी लव्हक्राफ्टचा त्याला पाठिंबा होता. संस्थेला संपादक स्वतःच्या मनातील एका ठरीव साच्यात बसवू पाहत आहे आणि सामान्य सभासद त्यामुळे दुरावत आहे, हा त्याच्या तक्रारीचा आशय. लव्हक्राफ्टने आपल्या धोरणाचे मुखपत्रातूनच समर्थन केले. वादाला वैयक्तिक रूप त्यापूर्वीच आलेले होते. त्याच गटातील एका प्रमुख लेखिकेने मुखपत्राच्या निधीच्या व्यवहाराबद्दल त्याच्यावर आरोप केला होता आणि त्याने तिच्यावर जे उपहासकाव्य रचले, ते क्रूर होते. दोष काढण्यात ज्याने मर्यादा पाळावयाची, त्यानेच ती सोडली होती.

१९२२च्या उन्हाळ्यातील निवडणुकीत लव्हक्राफ्टचा पक्ष पराभूत झाला. पराभूत पक्षाने विजेत्यांना वाङ्मयविरोधी म्हटले आणि वाङ्मयेतिहासात तेच विशेषण रूढ झाले. ते जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी विरोधकांची बाजू नीट मांडून पाहणे न्यायाचे होईल.

मुखपत्रात आपले नाव, आपल्या गावच्या क्लबाची बातमी, आपल्या पत्राच्या नव्या अंकाची नोंद यावी, असे ज्याला वाटते, तो वाङ्मयाचा शत्रू असतो काय? ज्या मुलाने सुट्टीच्या दिवशी खिळे जुळवून चार पाने छापली, त्याची हौस मुद्रणाची होती. ज्या बाईने दूरच्या गावातून मैत्रिणींशी पत्रव्यवहार जोडला, तिची हौस स्नेहाची होती. संस्थेच्या घटनेने ह्या हौसा लेखनाच्या हौसेपेक्षा हीन ठरविलेल्या नव्हत्या. मुखपत्र जर निवडक पाच-सहा जणांच्या लेखनाने भरू लागले, तर उरलेल्यांची वर्गणी कशासाठी, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. त्या पाच-सहा जणांत संपादकाचे मित्रच अधिक असले, म्हणजे तर तो प्रश्न अटळच होता.

संपादकाच्या बाजूचे उत्तरही तितकेच वजनदार आहे. ज्या पत्रिकेत केवळ नावे आणि बातम्या असतात, ती सभासदांनाही दुसऱ्यांदा वाचावीशी वाटत नाही. सर्वांना समान जागा द्यावयाची म्हटले, तर शिकण्यासारखे काही उरत नाही, आणि ज्या अर्धशिक्षित, एकाकी माणसासाठी संस्था असल्याचे सांगितले जाते, त्याच्याच हाती अखेर काही लागत नाही. सभासदत्व समान असते; लेखनाची गुणवत्ता समान नसते. ही विषमता कोणाही संपादकाने निर्माण केलेली नाही.

दोन्ही बाजूंना जे दिसले नाही, ते पुढील घटनांनी दाखवून दिले. १९२३ मध्ये कारभार पुन्हा लव्हक्राफ्टच्या पक्षाकडे आला. पुढे त्याची पत्नी झालेली सोनिया ग्रीन अध्यक्षपदी निवडून आली. परंतु मावळत्या कारभाऱ्यांकडून निधी हाती येईना, आणि मुखपत्राचा नवा अंक निघाला तो मे १९२४ मध्ये. जुलै १९२५ मध्ये लव्हक्राफ्टच्या संपादकत्वाची अखेर झाली आणि थोड्याच काळात ‘युनायटेड’चा हा गट निष्क्रिय होऊन संपला. दोन्ही पक्षांनी मुखपत्रासाठी भांडण केले. भांडणात जिंकणारा मात्र प्रत्येक वेळी रिकामे छापखान्याचे टेबल घेऊन बसला. वाङ्मय हवे असणाऱ्यांना यंत्र चालविणारे, वर्गणी गोळा करणारे आणि टपाल हाकणारे सभासद लागत होते. केवळ मेळावा हवा असणाऱ्यांना मेळाव्यात बोलण्यासारखे काही लागत होते. हौशांवाचून नवशांचे चालत नव्हते आणि नवशांवाचून हौशांचे.

६

ह्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट मुखपत्रात घडली नाही. लव्हक्राफ्टची ‘द अल्केमिस्ट’ ही किशोरवयातील कथा ‘युनायटेड अमॅच्युअर’च्या नोव्हेंबर १९१६च्या अंकात छापली गेली होती. ॲथॉल गावचा मुद्रक आणि संपादक डब्ल्यू. पॉल कुक ह्याने ती वाचली आणि कथालेखनाकडे वळण्याचा लव्हक्राफ्टला आग्रह केला. त्या आग्रहानंतर, १९१७च्या उन्हाळ्यात, ‘द टूम’ आणि ‘डेगॉन’ ह्या कथा लिहिल्या गेल्या. ‘डेगॉन’ कुकनेच नोव्हेंबर १९१९ मध्ये आपल्या ‘व्हेग्रंट’ पत्रात छापली. इतरांच्या कवितांतील मात्रा मोजण्यात ज्याची वर्षे गेली, त्या टीकाकाराला स्वतःची वाट दाखविली ती दुसऱ्या एका हौशी टीकाकाराने. लव्हक्राफ्टच्या पोपच्या धाटणीच्या कविता आज अभ्यासकच वाचतात. कुकने ओळखलेला कथाकार जगभर वाचला जातो.

हॅव्हरहिल गावचा चार्ल्स स्मिथ हा ह्या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. घराच्या आवारातील खोपटात तो ‘ट्रायआउट’ नावाचे पत्र वर्षानुवर्षे स्वतः छापत असे, आणि त्यातील मुद्रणदोष हा सर्व चळवळीत विनोदाचा विषय होता. शुद्धलेखनाचा कैवारी लव्हक्राफ्ट त्या दोषांची थट्टा करी. पण लेखन मात्र स्मिथकडे पाठवीत राही. त्याची ‘इन द व्हॉल्ट’ ही कथा ‘विअर्ड टेल्स’ ह्या व्यावसायिक मासिकाने आधी नाकारली. ती प्रथम प्रसिद्ध झाली नोव्हेंबर १९२५च्या ‘ट्रायआउट’मध्ये, तिची मूळ कल्पनाही स्मिथनेच सुचविलेली होती. मुद्रणाची हौस असलेला हा वृद्ध मुद्रक मुखपत्राच्या वादात कोणत्या बाजूला बसवावा? दोन्ही बाजूंच्या व्याख्यांत तो मावत नाही.

‘युनायटेड’ विझल्यावर लव्हक्राफ्ट ‘नॅशनल’मध्ये राहिला. १९२२ मध्ये तिच्या अध्यक्षाने राजीनामा दिल्यावर काही महिने ते पद त्याने सांभाळले होते. १९३०च्या दशकात तो तिच्या टीकाविभागाचे काम पाहू लागला. १९३५–३६ मध्ये कॅलिफोर्नियाचा हायमन ब्रॅडॉफ्स्की हा ज्यू तरुण तिचा अध्यक्ष असताना त्याच्यावर काही सभासदांनी अत्यंत विषारी हल्ले केले. १९३६ मध्ये लव्हक्राफ्टने ह्या प्रकाराविरुद्ध एक लेख लिहिला आणि तो स्वतंत्र पत्रक म्हणून वाटला गेला. मतभेद असावेत, दोष दाखवावेत. पण माणसाला अपमानित करण्यासाठी पत्रांची पाने वापरू नयेत, हा त्या लेखाचा आशय. १९१५ मध्ये आयझॅकसनला उत्तर देणारा तरुण आणि हा लेख लिहिणारा माणूस ह्यांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे. पूर्वग्रह सर्वस्वी गेले, असे त्यावरून म्हणता येत नाही. परंतु टीका कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हे त्याला कळले होते. ते कळण्याची किंमत त्याच्या हातून इतरांनी आणि इतरांच्या हातून त्याने चुकती केली होती. पुढच्याच वर्षी, मार्च १९३७ मध्ये, तो वारला.

ह्या सर्व वादांचे कागद टिकून राहिले, हे वाङ्मयेतिहासाचे भाग्य होय. हौशी पत्रांचा एक प्रचंड संग्रह आता विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील ग्रंथालयात आहे. लव्हक्राफ्टचे हौशी पत्रकारितेविषयीचे लेखन, त्यातील टीका विभागाच्या अहवालांसह, २००४ मध्ये त्याच्या संकलित निबंधांचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध झाले. ह्या खंडाचे संपादक सु. त्र्यं. जोशी ह्यांचा जन्म १९५८ मध्ये पुण्यात झाला. बालपणीच ते अमेरिकेत गेले आणि लव्हक्राफ्टचे प्रमाणभूत चरित्रकार झाले. त्याच्या वांशिक मतांवर पांघरूण न घालता त्याच्या कर्तृत्वाचे मोजमाप करण्याचे काम त्यांनी चिकाटीने केले आहे. पुण्यात जन्मलेल्या अभ्यासकाच्या हातून प्रॉव्हिडन्सच्या त्या एकांतवासी टीकाकाराचे कागद मार्गी लागावेत, ह्यात मराठी वाचकाला कौतुक वाटणे स्वाभाविक आहे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. लव्हक्राफ्ट प्रसिद्ध झाला, म्हणून त्याची बाजू ग्रंथरूपाने सुलभ झाली. कोलंबसच्या सभासदांची बाजू त्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या चिमुकल्या पत्रांतच राहिली, आणि ती उघडून पाहणारे थोडे. जो इतिहास केवळ कीर्तिमंतांच्या कागदांवरून लिहिला जातो, त्यात पराभूत टीकाकार आणि पराभूत सभासद ह्यांपैकी पहिल्यालाच सहानुभूती मिळते. वस्तुतः ‘युनायटेड अमॅच्युअर’च्या वादात हरले ते मुखपत्र. ज्यांनी त्याच्यावर वाङ्मयाचा हक्क सांगितला आणि ज्यांनी सभासदांचा हक्क सांगितला, त्या दोघांचेही म्हणणे खरे होते. आणि दोघांनीही दुसऱ्याचे खरेपण ऐकून घेतले नाही.

आजही कोणत्याही गावी एखादे मंडळ आपली पत्रिका काढते आणि तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाच प्रश्न नव्या नावांनी उभा राहतो. पत्रिका चांगली असावी की सर्वांची असावी, असा तो विचारला जातो. अमेरिकेतील ह्या जुन्या भांडणाने त्याचे उत्तर दिलेले नाही. परंतु तो प्रश्न तशा रीतीने विचारू नये, एवढे त्याने दाखविले आहे. जत्रेत नवस फेडणारा असतो, म्हणून देवळात दिवा लागतो. पण रस्ता तुडवून जत्रा भरवतो तो हौशाच, आणि त्याने पाठ फिरविली, तर दिव्याखाली बसायला कोणी उरत नाही.